चौथी विहीर

सावद्याच्या वाचनालयात ते पुस्तक आलं
तेव्हाच त्यातला नकाशा फाटलेला होता.
वादळ होतं, बुडालेलं गलबत होतं, तीन खलाशी होते,
बेट मात्र केवढं, कसं, कुठल्या अंगाला
तिथे शिवणीला चिकटलेली नुसती कागदाची किनार.

भंगाळे सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता.
त्यांना माहीत होतं ते बांबूचं बेट,
स्टेशनच्या रस्त्याला, साप निघायचे त्यातलं.
त्यांनी केळीच्या वजनकाट्याची पावती उलटी केली,
जांभळी पेन्सिल जिभेवर ओली केली
आणि वीज गेलेल्या एका अख्ख्या दुपारी
बेट काढलं.
डिंकाने डकवलं. वर शिक्का मारला:
पाने मोजून घ्यावीत.

आम्ही सगळ्यांनी ते पुस्तक त्याच नकाशावर वाचलं.
मी, कुमुद झोपे, वाघोद्याचा तोतरा युवराज.
खलाशी उत्तरेला निघाले की आम्ही नकाशावर बोट ठेवायचो,
आणि बोट बरोब्बर लागायचं
कुंभारवाड्याला.

हो, कुंभारवाडा होता बेटावर.
एक पार, एक तिरपी गल्ली, जिनिंगचं धुराडं,
आणि चार विहिरी.
प्रत्येकीपुढे मुंगीएवढ्या अक्षरात: गोड.
खजिन्याची फुली नव्हती.
युवराजने अडखळत विचारलं, तेव्हा सर म्हणाले,
"आरे बाप्पा, पानी नसीन त
मानूस काय खजिना पीन?"

पुढे कधीतरी पुण्यात, फुटपाथवर,
तेच पुस्तक, नकाशासकट.
उभ्या उभ्याच उघडलं.
टेकडी, खाडी, दात विचकणारा खडक,
ठसठशीत लाल फुली.
विहीर एकही नाही.
मी म्हटलं, हे चुकलंय.
पुस्तकवाला म्हणाला, पन्नासला घ्या.

सर गेले त्या वैशाखात
धरणाचं पाणी फार खाली उतरलं होतं.
त्यांची बहीण, अनसूयाबाई,
काठावर चपला काढून उभी होती.
मधे गाळाचा एक उंचवटा वर आलेला,
त्याच्यावर बगळे, आणि सगळीकडून पाणी.
तो पार, म्हणाली. ती गल्ली. ते धुराडं, पडेल.
गाळात दगडी कडी दिसत होती, गोल,
मी मोजत गेले.
एक. दोन. ती तिसरी.

"आणि चौथी?"

अनसूयाबाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या,
मग पदराने हसू पुसावं तसं तोंड पुसलं.
"चवथी कुठी व्हती, माय.
ते त खंदाची राह्यली."