ना-देय दाखला

मगदूम सरांचं सर्व्हिस बुक माझ्या टेबलावर आहे.
भूपाल आदगोंडा मगदूम, मुक्काम नांदणी, तालुका शिरोळ.
एम. ए., पीएच. डी.
प्रबंधाचा विषय: अभाव.
आधीच्या क्लार्कनं त्यापुढं पेन्सिलीनं
प्रश्नचिन्ह काढलंय. मी खोडलेलं नाही.

दसरा चौकातल्या बोर्डिंगात शिकले,
मग अकरा वर्षं तासिका तत्त्वावर.
तत्त्वज्ञान, आणि तेही तासिका तत्त्वावर! म्हणायचे
आणि हसायचे,
पगार न झालेल्या महिन्यात जरा जास्तच.
सकाळी आमच्याकडं, दुपारी गडहिंग्लज.
एसटीत तपासलेल्या पेपरांवर
बरोबरच्या खुणासुद्धा वाकड्या.

मी त्यांच्या वर्गात होतो. चाळीस जण होतो.
पहिल्या दिवशी सर कुंभार गल्लीतून
मडकं घेऊन आले, टेबलावर ठेवलं.
काय दिसतंय?
मडकं, सर.
उचलून दाराबाहेर ठेवून आले. आता?
काही नाही, सर.
"काही नाही नव्हे. मडकं नाही, हे दिसतंय.
नीट बघा की गा."
मागनं सर्जेराव म्हणाला,
"मग टेबलावर हत्ती पण नाही, सर.
ते का दिसंना?"
सर इतके खूश, की तास सोडून त्याला चहा पाजला.
सर्जेराव पुढं गुळाच्या अडतीत गेला,
उत्तर न ऐकताच.

मग तेवीस. मग नऊ.
शेवटी एकटी शाहीन नदाफ, मुरगूडहून येणारी.
एसटीच्या संपात ती आली नाही.
मी दारावरून चाललो होतो, सर हजेरी घेत होते.
एकच नाव. थांबले.
रिकाम्या बाकाकडं बघितलं,
एखादा माणूस बघावा तसं.
गैरहजर लिहिलं,
आणि अठ्ठेचाळीस मिनिटं बसून राहिले.
तो तास धरायचा की नाही, मी वर विचारलंय.
उत्तर आलेलं नाही.

आता डेड स्टॉक:
मडके, माती, नग एक, किंमत सहा रुपये.
शेरा: आढळत नाही.
म्हटलं, सर, सहा रुपये भरा, मिटवून टाकू.
दुसऱ्या दिवशी सर रिक्षातून उतरले,
मांडीवर नवं मडकं.
मी नोंद करायला पेन उघडलं,
तर त्यांनीच हात धरला.
"हे ते नव्हे, केरबा. खोटं लिहू नको."

शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून सही केली,
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

नवं मडकं सर विसरून गेले, का ठेवून गेले, कळलं नाही.
विभागाच्या खोलीत आता परीक्षेचे गठ्ठे असतात,
किल्ली माझ्याकडं.
गठ्ठा ठेवतो, आणि जिथं बाक नाहीत
तिथं जरा वेळ बघतो. दिसतं.

हत्तीचं तेवढं विचारायचं राहिलं.