पाहुण्यांची वही

वहीचं पहिलं पान कोरं आहे.
पहिल्या पाहुण्याला आम्ही पाहुणा समजलोच नाही.
रिटायर माणूस, गळ्यात दुर्बीण,
कवडूला म्हणाला, डोंग्यातून फिरवशील?
"मासोरी पायजे का?"
नको म्हणाला. नुसतं पाहायचंय.
"इथं का आहे जी पाहाले?"

परतल्यावर त्यानं शंभराची नोट दिली.
जाळं कोरडं अन् हातात पैसे,
कवडूला रात्रभर झोप नाही.
सकाळी अर्धे परत द्यायला
एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या पानापासून माझं अक्षर.
मांढऱ्यांची सून, बारावी पास, म्हणून वही माझ्याकडे.
डोंगा: पाळीपाळीनं, सतरा घरं.
मुक्काम: ज्याच्या संडासाला दार आहे त्याच्याकडे
(त्या हिवाळ्यात गावात अकरा दारं बसली).
जेवण: भात, लाखोरीची डाळ, मरळीचा रस्सा,
वरून सांभार. तिखट विचारून.
माणशी वीस रुपये तलावाच्या डब्यात.

भांडणंही आहेत वहीत, मी खोडली नाहीत.
दसारामच्या पाळीला धुकं पडलं, त्याला पाळी बदलून हवी.
दोन घरं महिनाभर बोलत नव्हती
एका गादीवरून.

पोट्टे पाखरांची इंग्रजी नावं पाठ करतात.
एका पाहुणीनं सुकरू बुढ्याला विचारलं,
तुम्ही काय म्हणता याला?
म्हातारा दुपारभर पारीवर बसून सांगत होता.
इतकी नावं त्याच्यापाशी होती,
आम्ही कधी विचारलीच नव्हती.

पान एकोणतीस, डब्यातून खर्च:
तुडुमाची दुरुस्ती, चौदा हजार दोनशे.
बेशरमाची झुडपं उपटली, बायकांची मजुरी.
देवाजीच्या बांधीत सारसानं घरटं केलं,
तेवढा धान उभाच ठेवला,
दीड पोत्याचे पैसे बाजारभावानं.
देवाजी सही करताना हसला,
"पाखरानं भाडं देलं, बाप्पा."

उन्हाळ्याची पानं रिकामी.
पाणी हटलं की कुणी येत नाही,
आम्ही तेंदूपत्त्याला जातो.
तेही लिहून ठेवते.

परवाची नोंद मात्र
माझीच असून मी तीनदा वाचली.
पहाटे फुलवंताकाकी आली.
चार वर्षं पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्याकडे,
जन्म काठावर मासे निवडण्यात गेला,
डोंग्यात कधी बसली नव्हती.
पदराची गाठ सोडून पैसे ठेवले, नेमका दर.
कवडू म्हणे, काकी, तुझ्याकडून कायचे घेऊ?
"घे ना रे. सारे म्हणतेत मस्त हाय. मीबी पायतो."

नाव: फुलवंता नान्हे.
कुठून आलात, या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.
"लिव ना," ती म्हणाली, "इथूनच."

तासाभरानं परतली, लुगडं ओलं.
शेरा काय लिहू, काकी?
जरा वेळ तळव्यावरची ओल पाहत राहिली.
"लिव, पाण्यातून माहं घर दिसते."