नमुना ४१७

शारजा, औद्योगिक भाग, दुसरा मजला. बाहेर सत्तेचाळीस,
आत अठरा. हेलियमची बाटली शाजीने कालच बदललीय.
थेंबाहून कमी अर्क मी सुईने टोचतो
आणि तीस मीटरच्या केसागत बारीक नळीतून
एक झाड सावकाश चालत येतं.

आधी पायनीन. मग मिर्सीन.
हे आलं की मला रायवळाचा चीक आठवतो,
देठ मोडताच ओठ पोळवणारा.
लिमोनीन आज नावालाच.
मिरीचं कॅरिओफिलीन उशिरा येतं, पण ऐटीत.

मग बराच वेळ सपाट रेघ.

तेराव्या मिनिटाला सीबीडी, कागदाबाहेर जाईलसा सुळका.
आणि शेजारी, जिथं टीएचसीचा डोंगर बघायची डोळ्यांना सवय,
तिथं वारूळ.

हे आपोआप होत नाही.
कुणीतरी बसलंय यासाठी, आठ पिढ्या, दहा पिढ्या.
चारशे रोपांतली सहा ठेवली, बाकी उपटली,
कुंचल्याने पराग लावून फांदीला कागदी पिशवी बांधली,
लेक पुन्हा आईच्याच वंशात दिली.

वेंगुर्ल्याला बापू केरकर असेच फिरायचे कलमांच्या रांगांतून.
पान चुरगळून नाकाशी धरायचे,
"ह्येका वास नाय. काढून टाक."
शेवटी त्यांचं नाकच गेलं. तरी पान चुरगळायचे.

अक्षरावरून ओळखावा तसा
मला या रेघेत तो माणूस ओळखू येतो,
किंवा ती बाई. कुठल्या देशातली कोण जाणे.

डॉक्टर इद्रिस दारातून विचारतात, काय निघालं?
गांजा, मी म्हणतो.
अर्जात चौकट एकच. आहे, किंवा नाही.
वारूळही तिथं डोंगर म्हणूनच लिहायचं.
वजन अकरा ग्रॅम, तीन दशांश.
पाकिटात सोबत गुलाबी चमचा होता,
लहान मुलांच्या सिरपबरोबर मिळतो तसला.
त्याची नोंद दुसऱ्या खात्यात.
कुणासाठी, ते नमुन्यात उतरत नाही.

सही करतो. हात धुतो, मग परत एकदा.
बोटांना कैरी लागून राहिलीय, हातमोजे असूनही.

नळी रात्रभर तीनशे अंशांवर तापत ठेवायची,
सगळं निघून जाईस्तोवर.
उद्याच्या झाडात
आजचं मिसळायला नको.