चुना आणि मीठ

ताळगाव. साडेसात वाजलेत.
पिएदाद माय वांग्यांच्या वाफ्यात उकिडवी बसलीय,
डाव्या हातात बॅटरी,
उजव्या कुशीला आगरातल्या जाड मिठाचा डबा.

चिमूट पडते.
गोगलगाय फेसाळते, आक्रसते,
आत, अजून आत जाऊ बघते,
जणू शंखात मागे आणखी एक खोली असावी.

नसते. मला माहीत आहे.
तिचं घर म्हणजे एकच लांबलचक खोली,
जिन्यासारखी वळत गेलेली.
भिंत वाढवायला चुना लागतो,
म्हणून रात्री ती मायच्या घराची सफेदी खरवडते,
आणि ती सफेदी भाजलेल्या शिंपल्यांची.
म्हणजे समुद्रच, थोडा फिरून आलेला.

खोल्या असतात त्या दुसरीला.
दिवसभर दोनापावलाला मी तिलाच निवडते,
ओल्या ब्रशाच्या एका केसाने, भिंगाखाली:
फोरामिनिफेरा.
खसखशीहून बारीक. एकच पेशी.
तोंड नाही, पोट नाही, पाय लागतील तेव्हा काढायचे,
आणि तरी राहायला चुन्याचं घर!
जागा पुरेना झाली की शेजारी नवी खोली,
जरा मोठी, जरा वळून.
काही डावीकडे वळतात, काही उजवीकडे.
वहीत त्यांचे वेगळे रकाने आहेत.
गोगलगायीला ही मोजणी कळली तर हसेल,
तिच्या गोतात सगळ्या जवळजवळ उजव्याच.

"तुका काकुळट येता?" माय विचारते,
"म्हजीं वांयगीं खाता ती."
मी म्हणते, नाही गं, बघतेय नुसती.
चार पानं खरंच जाळीदार झालीयत.

मग तीच म्हणते, तुझ्या त्या दर्यातल्या किड्यांना
मीठ घातलं तर काय होतं?
काही नाही, मी सांगते, ती मिठातच राहतात.

"मागीर तांकां मारपाक कितें घालतात?"

बोटीवर जाळं वर येतं तेव्हा
आम्ही ते नळाखाली धरतो, खारटपणा जाईपर्यंत.
जिवंत किती होत्या
याचा रकाना वहीत नाही.

"गोडं पाणी," मी म्हणते.

माय बॅटरी माझ्या तोंडावर धरते,
खोटं बोलतेय का ते बघायला,
मग परत पानाखाली.
डब्याचं झाकण दमट हवेने घट्ट बसलंय.
ती ते माझ्याकडे देते: उघड.