वाकडा चमचा

रस्त्यापायी मोह पाडला, ढोलीतून हा निघाला.
पिसं कमी, तोंडच जास्त.
शालिकनं टोपीत आणला : "घे पंचफुला, तुले काम."

चमच्याच्या कडा उंबरठ्यावर ठोकून
चोचीच्या मापानं वळवल्या.
हरभऱ्याचं पातळ पीठ,
पहिला थेंब मनगटावर : ऊन, पण पोळू नये.
मग गळ्याची थैली बोटानं चाचपायची.
रात्रीही उठून.

आज चमचा पाहून त्यानं मान फिरवली.
पुन्हा नेला, तर झटकला,
चष्म्यावर पिठाचे शिंतोडे.
सुपातली भुईमुगाची ओली शेंग ओढली,
फोडली,
टरफल टाकलं माह्याच पदरात.

"शिकला वं!" शालिक म्हणाला.
"हो," म्हटलं.
वाटीतल्या पिठावर साय धरली.

चमचा काही सरळ होत नाही.
चहात साखर ढवळाले
तोच असतो.