उणे सत्तेचाळीस

याकुत्स्कच्या मासळीबाजारात
मासे खोक्यांत उभे असतात, शेपटी खाली, तोंड वर,
ढलप्यांसारखे कडक.
दूधसुद्धा इथे थाळीएवढ्या चकत्यांनी विकतात.
आणि अशात तुयारा
डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढते.

केसांतून वाफ निघते तिच्या.
गिऱ्हाईक बघत राहतं, हातात मासा तसाच.
'घेतलीय का?' विचारतो एक जण.
'नाही हो, वय झालंय,' ती म्हणते,
आणि किलोमागे एक रुबल सोडत नाही.

आधी नुसती धडधड, उगाच,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.
मग छातीतून मानेवर, मानेवरून कानशिलांपर्यंत
कुणीतरी आतून इस्त्री फिरवतं.
चार मिनिटं. कधी सहा.
मग घाम, घामापाठोपाठ हुडहुडी,
आणि उणे सत्तेचाळीसात
ओली पाठ म्हणजे थट्टा नाही.

'पाळी गेली ती गेली,
जाताना चूल विझवायची विसरली,'
शेजारच्या गाळ्यावरची अकुलिना म्हणते.
तिची स्वतःची नऊ वर्षं धुमसत होती.
तिनंच शिकवलं:
सगळं उघडायचं नाही, वरची दोनच बटणं.
श्वास नाकानं, सावकाश, तोलून घेतल्यासारखा.
मान पुसायची, आणि घाम गार व्हायच्या आत
बटणं पुन्हा लावायची.
सुती बनियन घरी ठेव.

डॉक्टरीण कोवळी, मुलीच्या वयाची.
म्हणाली, 'डोक्यात तापमानाचा एक काटा असतो,
तो हळवा झालाय तुमचा.
इवलंसं काही झालं की त्याला वाटतं, जुलै आला.'
'मग त्याला कॅलेंडर दाखवा,' तुयारा म्हणाली.
आईला छातीत गाठ होती का, तिनं विचारलं.
होती.
थोडा वेळ दोघी गप्प.
'गोळ्यांचं सगळं बघून ठरवू. आधी वही ठेवा.'

हिशेबाच्या वहीचं मागचं पान:
तिसरा कढत चहा.
झोप मोडली तो दिवस.
भावावरून हुज्जत घालणारा ठेकेदार, दोनदा.
चहा तिनं सोडला नाही, निवू देते.
ठेकेदाराला अकुलिनाकडे धाडते.

रात्री प्रोकोपीला जाग येऊ नये म्हणून
ती तशीच पडून राहायची, उशीची गार बाजू शोधत.
एकदा तोच उठला,
खिडकीची लहान झडप बोटभर उघडली,
टोपी कानांवर ओढून पुन्हा आडवा झाला.
बोलला काहीच नाही.
सकाळी टोपीच्या कडेला बर्फ होतं.

बाजारात पेन चालत नाही, शाई गोठते.
पेन्सिल आण, अकुलिना रोज सांगते.
तुयारा आणत नाही.
झळ आली की गळ्यावरचा रुमाल सैल करते,
पेन मानेशी दाबून धरते,
डोळे मिटून, नाकानं सावकाश.
शाई सुटते.
मग लिहिते:
अकरा दहा. मोठी होती.