नळी

ओसरीपुढं बाळहिरडा वाळत घातलाय.
मी टॅब उघडते: नाव, वय,
कुटुंबप्रमुख कोण?
ठमाबाई लोहकरे नुसती मान वळवतात,
दारात कोंडिबा विडी विझवत उभे.

प्रश्न अकरा. गेल्या महिन्यात
किती दिवस बरं वाटलं नाही?
"तिला काय धाड भरलीय," कोंडिबा म्हणतात.
त्याचं उत्तर तिच्या रकान्यात भरू का नको,
माझं बोट काचेवर अधांतरी.
हिरडा पालथा करत त्या म्हणतात,
"बरं नसायला सवड लागती, बाय."

अंग बाहेर येतं का, मी हळूच विचारते.
कोंडिबा गोठ्याकडं निघून जातात.
मग त्या बोलतात. स्क्रीन दोनदा विझते.
कड्यावरनं पोतं उतरवताना
ओटीपोटात काही सुटल्यागत होतं,
म्हणून लुगड्याचा धडपा घट्ट आवळून,
चौथ्या बाळंतपणापासून.
पर्याय: कधीच नाही, क्वचित, नेहमी.
धडप्याला रकाना नाही.

मग एकदम, "तुमीच का त्या, रगात नेणाऱ्या?"
मी नव्हते. आमचीच संस्था होती.
सात वर्षांमागं, शाळेच्या पडवीत रांग,
बिस्किटाचा एक पुडा, एक अंगठा.
"कुठं असतं ते?"
पुण्यात, औंधला. शीतपेटीत, उणे ऐंशीला.
"म्हंजी लई गार?"
लई.

काळ्या पडलेल्या बोटांनी त्या पदर सावरतात, हसतात.
"मी पुण्यात एक रात काढली न्हाई कधी.
रगताचा मातर सात वर्सं मुक्काम.
काय म्हणतंय? बरं हाय ना?"

घोडेगाव, मंचर, चाकण, वाकडेवाडी.
एसटीत मी हाताचा वास घेत राहते, तुरट.

सोमवारी यादी काढली.
स्त्री, एक्केचाळीस, अनुसूचित जमात,
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
'कळवले का' या रकान्यात काहीच नाही.
लेखातल्या टक्क्यांत मात्र त्या होत्या,
तक्ता तीन, खालून दुसरी ओळ.

सरांना विचारलं, आता कळवायचं का?
तो प्रकल्प बंद झालाय, म्हणाले,
आणि चहा सांगू का, असंही म्हणाले.

कागद छापून घेतलाय.
घडी घातली की नेमका आकडाच मोडतो,
म्हणून वहीत सपाट ठेवलाय.
उद्या सहाची गाडी.
जाऊन काय सांगू,
तेव्हा तुम्हाला बरं नव्हतं?
ते त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.